मार्कअपची पहिली भाषा

वेबची पाने तयार करण्याचे काम शिकू पाहणाऱ्या माणसासमोर पहिल्याच टप्प्यावर नावांची रांग उभी राहते: एचटीएमएल ४.०१, एक्सएचटीएमएल १.०, एचटीएमएल ५, एक्सएमएल, मार्कडाउन, शिवाय विकिपीडियावर लिहिणाऱ्यांची स्वतंत्र खूणपद्धत. या साऱ्यांना मार्कअप भाषा म्हणतात. छापखान्यात हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्यापूर्वी संपादक समासात शीर्षकाच्या, नव्या परिच्छेदाच्या, ठळक टायपाच्या खुणा करून देई. मार्कअप भाषा तेच काम संगणकासाठी करते, म्हणजे मजकुराचा कोणता भाग शीर्षक आहे, कोणता परिच्छेद आणि कोणता दुवा, हे खुणांनी, एचटीएमएलमध्ये कोनी कंसांत लिहिलेल्या टॅगांनी, सांगते. तिच्यात अटी, आवर्तने किंवा आकडेमोड नसते, म्हणून ती प्रोग्रॅमिंगची भाषा गणली जात नाही, आणि याच कारणाने ती किरकोळ समजली जाते. टॅग पाठ करणे सोपे आहे हे खरेच. परंतु समोरच्या मजकुराकडे पाहून त्याचा प्रत्येक भाग नेमका काय आहे हे ठरवणे हे कसबाचे काम आहे, आणि पहिली भाषा निवडताना जी या कसबाला सर्वांत जास्त वाव देते आणि जी वाचणारी यंत्रे सर्वत्र आहेत, तीच निवडावी. ती भाषा आज एचटीएमएल होय. नवशिक्याचा संभ्रम मात्र मुख्यतः एक्सएचटीएमएलच्या इतिहासातून आलेला असल्यामुळे या निवडीची कारणे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एचटीएमएलचे मूळ जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत आहे. टिम बर्नर्स-ली यांनी तेथे मार्च १९८९ मध्ये माहितीच्या व्यवस्थापनासंबंधीचा आपला प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये ‘एचटीएमएल टॅग्ज’ या छोट्या टिपणात १८ एलिमेंटांचे वर्णन केले. एलिमेंट म्हणजे उघडणारा टॅग, बंद करणारा टॅग आणि त्यांच्यामधला मजकूर मिळून होणारा घटक. यांतले बहुतेक एलिमेंट त्यांनी नव्याने रचलेले नव्हते. सर्नमध्ये कागदपत्रांसाठी एसजीएमएलवर आधारलेली एक पद्धत आधीपासून वापरात होती. शीर्षके, परिच्छेद आणि याद्या त्यांनी तिच्यातून घेतल्या, आणि दोन दस्तऐवजांना जोडणारा दुव्याचा ‘ए’ हा टॅग स्वतःची भर म्हणून घातला. एसजीएमएल ही एखादी विशिष्ट भाषा नसून मार्कअप भाषा कशा घडवाव्यात याचे नियमशास्त्र आहे. ते १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि त्याची बीजे चार्ल्स गोल्डफार्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये १९६९ च्या सुमारास सुरू केलेल्या कामात होती. मजकूर कसा दिसावा हे दस्तऐवजात लिहू नये, तो काय आहे हे लिहावे, म्हणजे एकच दस्तऐवज छपाईला, शोधाला आणि पुढे निघणाऱ्या एखाद्या यंत्रालाही उपयोगी पडतो, असा त्या कामामागचा विचार होता. तो किती दूरदृष्टीचा होता हे सर्नच्या पहिल्या संकेतस्थळाकडे पाहिले की कळते, कारण त्या काळी लिहिलेले टॅग आजच्या मोबाइलवरचा ब्राउझरही वाचतो. संगणकाच्या क्षेत्रात तीन दशकांपूर्वीचा दस्तऐवज कोणतेही रूपांतर न करता उघडणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि भाषा निवडताना तिला द्यायला हवे तेवढे वजन क्वचितच दिले जाते.

पुढच्या काही वर्षांत ही शिस्त सैल झाली. चित्राच्या टॅगाची सूचना १९९३ मध्ये आली, ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांची चढाओढ सुरू झाली, आणि अक्षरांचा फॉन्ट व रंग ठरवणारे, मजकूर मध्यावर आणणारे, तो लुकलुकवणारे किंवा सरकवणारे असे निव्वळ दिसण्यासाठीचे टॅग भाषेत शिरले. मराठीपुरता याचा परिणाम इतरांपेक्षा गंभीर होता. लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासून जागा होती, तरी घरगुती आणि कार्यालयीन संगणकांवर ती नीट दिसण्याची सोय विंडोज २००० आणि एक्सपी यांच्याबरोबर आली; तोवर मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत, आणि त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग असे, आणि तिला मराठीचे रूप देण्याचा सगळा भार फॉन्टच्या टॅगावर असे. तो टॅग काढला किंवा वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पान वाचता येत नसे, शोधयंत्राला त्यात एकही मराठी शब्द सापडत नसे, आणि एका स्थळावरचा मजकूर दुसऱ्या स्थळाच्या फॉन्टात आणला की त्याची अक्षरे विस्कटत. दिसण्याच्या खुणेवर अर्थ सोपवला की काय होते याचे याहून ठसठशीत उदाहरण मिळणे कठीण आहे. त्या वर्षांत कष्टाने टंकलेला तो मराठी मजकूर खास रूपांतर केल्याशिवाय आज वाचता येत नाही, ही हानी मनाला लागल्यावाचून राहत नाही.

वेबच्या मानकांची जबाबदारी सांभाळणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने यावर दोन उपाय केले. पहिला उपाय यशस्वी झाला: दिसण्याचे सर्व काम सीएसएस या स्वतंत्र भाषेकडे देण्यात आले, तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये निघाली, आणि वर्षभराने आलेल्या एचटीएमएल ४.० ने फॉन्टचा टॅग आणि त्याची भावंडे चालतील पण वापरू नयेत अशा वर्गात टाकली. दुसरा उपाय म्हणजे एक्सएचटीएमएल. फेब्रुवारी १९९८ मध्ये एसजीएमएलचे सुटसुटीत रूप असलेले एक्सएमएल हे मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या नियमांनुसार उघडलेला प्रत्येक टॅग बंद केलाच पाहिजे, आत उघडलेला आधी बंद केला पाहिजे, टॅगाला जोडलेल्या गुणांच्या किमती अवतरणचिन्हांत लिहिल्या पाहिजेत, आणि यांतला एकही नियम मोडला गेल्यास वाचणाऱ्या यंत्राने तेथेच थांबले पाहिजे. जानेवारी २००० मध्ये एचटीएमएल ४ चे एलिमेंट याच नियमांत बसवून एक्सएचटीएमएल १.० तयार झाली. शब्दसंग्रह तोच, व्याकरण मात्र कडक, असे तिचे स्वरूप होते, आणि शिकवणाऱ्यांना ती आवडली यात नवल नाही, कारण शिस्त लावू पाहणाऱ्याच्या हाती तिने काटेकोर नियम दिले.

अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. सर्व्हर एखादे पान पाठवतो तेव्हा मजकुराच्या आधी त्याचा माध्यमप्रकार कळवतो, म्हणजे पुढे येणारा मजकूर साधा एचटीएमएल आहे, एक्सएमएल आहे की चित्र आहे हे सांगतो, आणि ब्राउझर त्याबरहुकूम आपली वाचनपद्धत निवडतो. पानाच्या पहिल्या ओळीत एक्सएचटीएमएलचे नाव लिहिलेले असले तरी माध्यमप्रकार एचटीएमएलचा असेल तर ब्राउझर ते पान एचटीएमएल म्हणूनच, चुका पोटात घालत, वाचतो. आणि एक्सएचटीएमएलचा खरा माध्यमप्रकार लावावा तर त्या काळी सर्वाधिक वापरला जाणारा इंटरनेट एक्सप्लोरर ते पान दाखवण्याऐवजी फाइल उतरवून घेण्याविषयी विचारत असे. २०११ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपर्यंत हीच स्थिती राहिली. परिणामी एक्सएचटीएमएल म्हणून लिहिली गेलेली बहुतेक पाने प्रत्यक्षात एचटीएमएल म्हणूनच वाचली जात होती, आणि लिहिणाऱ्याला आपण कडक भाषा वापरतो असे वाटत असताना त्या कडकपणाची परीक्षा कधीच होत नव्हती. वेबमानकांवर काम करणारे इयान हिक्सन यांनी २००२ मध्ये या प्रथेविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. तो इशारा तेव्हा पुष्कळांना आडमुठा वाटला असेल, पण त्यातला मुद्दा बिनतोड होता.

यानंतरची हकीकत थोडक्यात अशी. डब्ल्यूथ्रीसीने एक्सएचटीएमएल २.० हाती घेतली; तिच्यात कोणत्याही एलिमेंटाला दुवा करता येण्यासारख्या चांगल्या कल्पना होत्या, पण जुन्या पानांशी सुसंगत राहण्याचे बंधन तिने मानले नाही. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्याकडील मंडळींनी वॉटडब्ल्यूजी हा गट स्थापून जुन्या एचटीएमएललाच पुढे नेण्याचे काम सुरू केले, २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चे काम थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला, एचटीएमएल ५ ला ऑक्टोबर २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली, आणि २०१९ मध्ये झालेल्या करारानुसार वॉटडब्ल्यूजीकडचा सतत अद्ययावत होणारा मसुदा हेच एकमेव मानक राहिले. आवृत्तीचा आकडा त्यामुळे आता नावापुरता उरला आहे. पानाच्या डोक्यावर लिहावयाची दस्तऐवजाच्या प्रकाराची ओळही, जी पूर्वी लांबलचक असे आणि कुणालाच पाठ नसे, ती दोन शब्दांवर आली आहे.

एचटीएमएल ५ चे सर्वांत मोठे काम नव्या टॅगांपेक्षा दुसरेच आहे, आणि नवशिक्याला ते सहसा कुणी सांगत नाही. चुकीचे मार्कअप समोर आले तर ब्राउझरने नेमके काय करावे हे या मानकाने प्रथमच पायरीपायरीने लिहून काढले, त्यामुळे एकाच चुकीच्या पानाची सर्व ब्राउझरांत एकच रचना तयार होऊ लागली. ही सहनशीलता शिकणाऱ्याला कशी फसवू शकते ते एका साध्या पानावरून पाहता येईल. समजा पुरणपोळीची कृती लिहिताना एखाद्याने परिच्छेदाचा ‘पी’ टॅग उघडला, साहित्याविषयी एक वाक्य लिहिले, त्याच परिच्छेदात यादीचा ‘यूएल’ टॅग उघडून डाळ, गूळ, कणीक आणि वेलदोडे ओळीने मांडले, यादी बंद केली आणि शेवटी परिच्छेदही बंद केला. वाचताना यात काही खटकत नाही. परंतु परिच्छेदात यादी बसू शकत नाही असा एचटीएमएलचा नियम असल्यामुळे ब्राउझर यादीचा टॅग दिसताच परिच्छेद आपणहून बंद करतो, यादी त्याच्या बाहेर मांडतो, आणि शेवटी आलेल्या, आता जोडीदार न उरलेल्या बंद करणाऱ्या टॅगासाठी एक नवा रिकामा परिच्छेद निर्माण करतो. पान दिसायला ठीक दिसते. पुढे तो शिकणारा सीएसएसमध्ये या एकाच परिच्छेदाला तपकिरी पार्श्वभूमी आणि चौकट देतो तेव्हा ती पहिल्या वाक्याशीच संपते, यादी पांढरीच राहते, खाली कुठल्याशा रिकाम्या जागेची भर पडते, आणि दोष सीएसएसचा आहे अशी त्याची खात्री होऊन बसते.

तिरक्या रेघेची गोष्टही अशीच आहे. एक्सएचटीएमएलमध्ये रिकामा एलिमेंट टॅगाच्या शेवटी तिरकी रेघ देऊन जागच्या जागी बंद करता येतो. एचटीएमएल हे मानत नाही आणि ती रेघ सरळ दुर्लक्षिते. ओळ तोडणाऱ्या ‘बीआर’ टॅगात यामुळे काही बिघडत नाही, कारण त्याला बंद करण्याची गरजच नसते. पण बाहेरची जावास्क्रिप्ट फाइल जोडणारा ‘स्क्रिप्ट’ टॅग कुणी अशा रेघेने बंद केला, तर ब्राउझरच्या लेखी तो उघडाच राहतो, त्याच्यापुढचे संपूर्ण पान तो प्रोग्रॅमचा मजकूर समजून गिळतो, आणि पडद्यावर कोरी पांढरी जागा उरते. जुन्या एक्सएचटीएमएलच्या पाठांवरून शिकणाऱ्याला ही चूक हमखास सापडते, आणि तिचा अर्थ दोन भाषांची वाचनपद्धत वेगळी आहे हे माहीत असल्याशिवाय लागत नाही.

मग कडक भाषाच आधी शिकावी का, असा प्रश्न येतो, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एक्सएमएल म्हणून वाचल्या जाणाऱ्या पानात एक टॅग चुकला तरी फायरफॉक्स पिवळ्या पार्श्वभूमीवर चुकीची ओळ दाखवून थांबतो. शिकणाऱ्याला चूक ताबडतोब आणि नेमकी कळते, ती लपून राहून पुढे दुसऱ्या रूपाने वर येत नाही. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते ही शिकवण अर्धी आहे. एक्सएमएलचा कडकपणा टॅगांच्या जुळणीपुरता आहे. शीर्षकाच्या जागी ठळक परिच्छेद लिहिला, यादीच्या जागी ओळी तोडून तोडून मजकूर लिहिला, तरी तो एक शब्द बोलत नाही, कारण टॅग उघडले आणि बंद झाले एवढेच तो तपासतो. टॅगांची जुळणी तपासायला व्हॅलिडेटर नावाची साधने आहेत, ती डब्ल्यूथ्रीसी विनामूल्य पुरवते, आणि ती पुरणपोळीच्या पानातला निराधार टॅगही दाखवून देतात. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पान व्हॅलिडेटरमधून काढण्याची सवय लावली की एक्सएचटीएमएलपासून मिळणारी शिस्त एचटीएमएलमध्येही मिळते. टॅगांच्या जोड्या नेहमी पूर्ण लिहाव्यात, नावे लहान लिपीत लिहावीत, गुणांच्या किमती अवतरणचिन्हांत द्याव्यात, हे एचटीएमएल सक्तीचे करत नसले तरी पाळावे; एक्सएचटीएमएलच्या काळाने दिलेली ही देणगी टाकून देण्याचे कारण नाही.

खरे शिक्षण यानंतर सुरू होते. मराठी मजकुरातले एक उदाहरण घेता येईल. इंग्रजी छपाईत तिरपा टाइप तीन-चार वेगळ्या कारणांसाठी वापरतात: एखाद्या शब्दावर भर द्यायचा असतो, ग्रंथाचे नाव असते, परभाषेतला शब्द असतो. एचटीएमएलमध्ये यांना वेगवेगळे टॅग आहेत, भर देण्यासाठी ‘ईएम’, ग्रंथाच्या नावासाठी ‘साइट’, वेगळ्या सुरात आलेल्या शब्दासाठी ‘आय’, आणि ब्राउझर हे तिन्ही मुळात तिरपेच दाखवतो. देवनागरीला तिरपा टाइप मानवत नाही. बहुतेक फॉन्टांत त्याचे स्वतंत्र रेखाटन नसते, ब्राउझर सरळ अक्षरे यांत्रिकपणे कलती करतो, आणि शिरोरेषेखालचे उभे दंड झुकलेले पाहून मराठी वाचकाचा डोळा अडखळतो. म्हणून शिकणारा माणूस ‘ईएम’ टाकून ठळक करणारा ‘बी’ वापरतो. त्याची नजर चांगली आहे, उपाय मात्र चुकीच्या जागी केलेला आहे. भर आहे तेथे ‘ईएम’च ठेवावा, ग्रंथनाम आहे तेथे ‘साइट’, आणि सीएसएसमध्ये एकदाच सांगावे की मराठी मजकुरात पहिला ठळक दिसावा आणि दुसरा एकेरी अवतरणचिन्हांत. मराठी मुद्रणाची परंपरा त्यामुळे पाळली जाते, आणि मजकुरातला अर्थही शाबूत राहतो. आपल्या लिपीची गरज ओळखून असा निर्णय घेता येणे ही या कलेतली पहिली खरी पायरी आहे.

भाषेची नोंद हा तसाच दुसरा विषय. पानाच्या मूळ टॅगाला ‘लँग’ हा गुण जोडून तेथे मराठीसाठी ठरवलेला दोन अक्षरांचा संकेत लिहितात. नवशिके तो गाळतात, किंवा कुठून तरी उचललेल्या नमुन्यातला इंग्रजीचा संकेत तसाच ठेवतात, कारण वरकरणी काही फरक दिसत नाही. फरक पडतो. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीत रूढ असलेल्या रूपांहून वेगळे आहेत, युनिकोडमध्ये मात्र दोन्ही रूपांना एकच क्रमांक आहे. ज्या फॉन्टांत दोन्ही रूपांची सोय केलेली असते त्यांत कोणते दाखवायचे हे ब्राउझर या गुणावरून ठरवतो, म्हणून संकेत लिहिला की त्याच फाइलमधली तीच अक्षरे मराठी वळणाची होतात. दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखवणारी साधनेही उच्चार कोणत्या भाषेचे करायचे हे यावरूनच जाणतात. मराठी लेखात इंग्रजी किंवा कोकणी उतारा आला तर तेवढ्याच भागाला वेगळा संकेत देता येतो. इतक्या बारकाईने मजकुराविषयी बोलू देणारी भाषा हातात असताना तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

मार्कडाउन या कसोटीवर उणी पडते, आणि तिची ती महत्त्वाकांक्षाही नाही. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेली ही पद्धत तारांकने, आडव्या रेघा आणि हॅशचिन्हे यांवर चालते, साध्या मजकुरातही वाचनीय राहते, आणि शेवटी तिचे एचटीएमएलच होते. भाषेची नोंद, ग्रंथनाम, कालनिर्देश यांसाठी तिच्यात मुळात खुणा नाहीत, आणि त्या लागल्या की एचटीएमएलचा टॅग तिच्यातच थेट लिहावा असे तिच्या कर्त्याने ठरवले आहे. म्हणजे पूर्ण मार्कडाउन जाणणे एचटीएमएल जाणण्यावरच अवलंबून आहे. मराठी विकिपीडियावर लिहू इच्छिणाऱ्याने तेथील खूणपद्धत थेट शिकावी, ती तेथेच उपयोगी पडते आणि काही बैठकांत हाताला बसते.

एका वर्गातल्या शिकणाऱ्यांना मात्र वेगळा सल्ला द्यावा लागतो. ज्यांना मराठी ई-पुस्तके करायची आहेत त्यांना एक्सएचटीएमएल टाळता येत नाही, कारण ई-पुस्तकांचे इपब हे मानक, त्याची २०११ ची तिसरी आवृत्ती धरून, पुस्तकाची प्रकरणे एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेल्या एचटीएमएलमध्येच मागते. तेथे प्रत्येक ‘बीआर’ला तिरकी रेघ लागते, भाषेचा संकेत एक्सएमएलच्या स्वतंत्र गुणानेही देण्याची पद्धत आहे, आणि न तुटणाऱ्या मोकळ्या जागेसाठी एचटीएमएलमध्ये सर्रास लिहिले जाणारे ‘एनबीएसपी’ हे नाव चालत नाही, कारण एक्सएमएलला अशी पाचच नावे मुळात ठाऊक असतात. त्याऐवजी १६० हा क्रमांक लिहावा लागतो. अशा माणसानेही सुरुवात एचटीएमएलनेच करावी, एखाद्या कथेचे एक प्रकरण ब्राउझरमध्ये नीट बसवून घ्यावे, आणि मग तीच फाइल एक्सएमएल म्हणून उघडून पाहावी. जेथे जेथे ब्राउझर थांबेल ती प्रत्येक ओळ दुरुस्त करताना दोन्ही व्याकरणांतला फरक एका संध्याकाळी ध्यानात येतो, आणि ते प्रकरण पुस्तकात घालण्याजोगे होते.